मालगाडीचा शेवटचा डबा

आमच्या हॉस्टेलवर दोन विषयांवरचे वाद कधीच संपत नाहीत. एक म्हणजे मेसची भाजी आणि दुसरा म्हणजे खासगीकरण. पहिल्या वादात सगळे एकाच बाजूला असतात, त्यामुळे त्यात मजा नाही. दुसऱ्यात मात्र सरळ दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "सरकारी म्हणजे झोपलेलं. विकून टाका, मग बघा कसं पळायला लागतं ते!" दुसरा म्हणतो, "विकलं की संपलं. नोकऱ्या जाणार, भाव वाढणार आणि मलई तिसराच खाणार." पहिल्यांचं ठरलेलं उदाहरण मोबाइल फोन, दुसऱ्यांचं ठरलेलं उदाहरण टोलनाका. रात्रीचे दोन वाजले की दोन्ही तट चहा प्यायला एकत्र बाहेर पडतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मला या वादात कुठल्याच बाजूला नीट बसता येत नाही. कारण माझं घर रेल्वेच्या पगारावर चालतं. माझे पप्पा भुसावळला मालगाडीचे गार्ड आहेत. २०२२ पासून या पदाचं नाव 'गुड्स ट्रेन मॅनेजर' झालंय, पण कॉलनीत आणि आजीच्या तोंडी ते अजून गार्डच. मालगाडीच्या अगदी शेवटी तो एकटा छोटासा डबा असतो ना, ब्रेक व्हॅन, त्यात ते बसतात. ना पंखा, ना धड बसायला जागा. माझी कॉन्व्हेंटची फी, बारावीच्या क्लासची फी आणि आता ही हॉस्टेलची फी, सगळी त्या डब्यातून आली. त्यामुळे कुणी 'रेल्वे विकून टाका' म्हटलं की बाकीच्यांना ते अर्थशास्त्र वाटतं, मला आमचा स्वयंपाकघराचा ओटा दिसतो.

यंदा टीईच्या सेमिनारला सरांनी सांगितलं, "शेड्युलिंगवर बोल, पण काहीतरी खरं उदाहरण घेऊन बोल." मी कॅनडाची मालवाहू रेल्वे घेतली, कॅनेडियन नॅशनल. थोडक्यात सीएन. रेल्वेच्या यशस्वी खासगीकरणाची गोष्ट निघाली की हिचं नाव हमखास निघतं. सेमिनारमध्ये स्लाइड दहा आणि वेळ पंधरा मिनिटं, त्यामुळे तिथे फक्त टेक्निकल भाग बसला. जो बसला नाही तो इथे लिहितेय.

पहिली गंमत म्हणजे ही कंपनी सरकारी झाली ती हौसेने नव्हे, नाइलाजाने. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅनडात रेल्वे टाकायची लाट आली होती. कॅनेडियन पॅसिफिक या खासगी कंपनीचा देशाच्या आरपार जाणारा मार्ग आधीपासून होता. तरीही आणखी कंपन्या सरकारी मदत घेऊन तसेच मार्ग टाकत सुटल्या. लोकवस्ती तुरळक आणि रूळ तिप्पट! पहिल्या महायुद्धात लंडनहून येणारं भांडवल आटलं आणि या कंपन्या बुडाल्या. त्या बंद पडू देणं परवडणारं नव्हतं, म्हणून सरकारने १९१७ ते १९२३ या काळात त्या एकेक करून ताब्यात घेतल्या आणि त्यांची मोट बांधून कॅनेडियन नॅशनल तयार केली. म्हणजे तोटा खासगी कंपन्यांनी केला आणि तो सरकारच्या गळ्यात पडला. जुन्या कंपन्यांचं कर्जही सोबत आलं. ते कमी करायला सरकारला पुढे १९३७, १९५२ आणि १९७८ असं तीनदा तिचा हिशेब नव्याने मांडावा लागला. 'सरकारी कंपनी कायम तोट्यात' असं म्हणताना हा इतिहास कुणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ती नुसती रेल्वे नव्हती. मोठी हॉटेलं, तारायंत्र, बोटी, १९२० च्या दशकात रेडिओ स्टेशनं, १९३७ मध्ये विमान कंपनी (तीच पुढे एअर कॅनडा झाली), आणि १९७६ मध्ये टोरंटोला ५५३ मीटर उंच मनोरा. फोटोत दिसणारा तो सीएन टॉवर या रेल्वेनेच बांधला. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबातल्या थोरल्या भावासारखं तिचं झालं होतं. जे कुणी करत नाही ते याच्यावर टाका.

मग हळूहळू एकेक ओझं उतरायला लागलं. १९७८ मध्ये प्रवासी गाड्या व्हिया रेल या वेगळ्या सरकारी कंपनीकडे गेल्या. १९८८ मध्ये हॉटेलं विकली. त्याच वर्षी न्यूफाउंडलंड बेटावरची नॅरोगेज रेल्वे बंद झाली आणि १९८९ च्या शेवटी प्रिन्स एडवर्ड आयलंडवरची. तारखा नीट बघा. कंपनी विकली गेली १९९५ मध्ये. म्हणजे हे मार्ग बंद केले ते सरकारी सीएनने.

माणसं कमी झाली तीही विकण्याआधीच. १९९२ मध्ये पॉल टेलिए कंपनीचे प्रमुख झाले. हे रेल्वेतले नव्हते. त्याआधी ते केंद्र सरकारचे सर्वांत वरिष्ठ सनदी अधिकारी होते, आपल्या कॅबिनेट सेक्रेटरीसारखे. त्या वेळी सीएन शंभर डॉलर कमवायला जवळजवळ शंभरच डॉलर खर्च करत होती. टेलिएंनी काही वर्षांत दहा हजारांहून जास्त नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं आणि केल्याही. काही कामगार करारांत जन्मभर नोकरीच्या हमीची कलमं होती. १९९५ च्या मार्चमध्ये संप झाला त्यात हा मोठा मुद्दा होता. सरकारने कायदा करून संप मोडला. आणि मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शेअर बाजारात सीएनचे सगळेच्या सगळे शेअर विकले. एका शेअरला २७ कॅनेडियन डॉलर, एकूण सुमारे २२० कोटी डॉलर. कॅनडातली ती तोवरची सर्वांत मोठी शेअर विक्री होती. विकण्याआधी सरकारने कंपनीवरचं कर्जही कमी करून दिलं. घर विकायच्या आधी रंग देतात तसं. टॉवर मात्र सरकारने स्वतःकडे ठेवून घेतला.

विकताना कायद्यात दोन-तीन अटी घातल्या होत्या. मुख्यालय मॉन्ट्रियललाच राहील. कामकाज इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांच्या कायद्याखाली चालेल. आणि कुणाही एकाला १५ टक्क्यांपेक्षा जास्त शेअर घेता येणार नाहीत (ही मर्यादा २०१८ मध्ये २५ टक्के केली). परदेशी लोकांनी मिळून किती घ्यावेत यावर बंधन नव्हतं. त्यामुळे 'कॅनेडियन नॅशनल' नावाच्या कंपनीचे कितीतरी शेअर पहिल्यापासूनच अमेरिकेत गेले. मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्स यांच्या गुंतवणूक कंपनीने तर इतके घेतले की बरीच वर्षं ते सीएनचे सर्वांत मोठे भागधारक होते.

आता कंपनी वाढली कशी ते बघू. इथे माझ्या सेमिनारचा भाग येतो, पण घाबरू नका, फॉर्म्युला एकच आहे.

१९९९ मध्ये सीएनने इलिनॉय सेंट्रल ही अमेरिकी रेल्वे सुमारे २४० कोटी अमेरिकी डॉलरना घेतली. ती शिकागोहून सरळ खाली मेक्सिकोच्या आखातापर्यंत जाते. कॅनडाचे रूळ पूर्व-पश्चिम, हे उत्तर-दक्षिण. नकाशावर अटलांटिक, पॅसिफिक आणि आखात असे तीन किनारे एका कंपनीने जोडले. १९९४ पासून कॅनडा, अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात मुक्त व्यापाराचा करार झालेला होता, त्यामुळे माल तयारच होता. पण या सौद्यात रुळांबरोबर एक माणूसही आला, हंटर हॅरिसन. मेम्फिसच्या यार्डात डब्यांना तेल घालणारा कामगार म्हणून त्याने सुरुवात केली होती. २००३ मध्ये तो सीएनचा प्रमुख झाला.

हॅरिसनची पद्धत समजायला आपला जळगाव-भुसावळ रस्ता पुरे. काळी-पिवळी जीप सीटा भरल्याशिवाय हलत नाही. पुढे दोन, मागे चार बसवून ड्रायव्हर ओरडत राहतो, आणि आपण आत बसून घामाघूम. एसटी मात्र वेळ झाली की निघते, चार माणसं असली तरी. अमेरिका-कॅनडातल्या मालगाड्या बऱ्याच अंशी काळी-पिवळी होत्या. पुरेसे डबे जमले की गाडी सोडायची. हॅरिसनने तिची एसटी केली. गाडी ठरलेल्या वेळी सुटेल, आणि गाडीचंच नव्हे तर प्रत्येक डब्याचं वेळापत्रक असेल. हा डबा सोमवारी इथून निघेल, मंगळवारी या यार्डात इतके तास थांबेल, गुरुवारी गिऱ्हाइकाच्या दारात असेल.

आपल्याकडे हे वेगळं वाटेल, कारण आपल्या मालगाड्या बहुतेक अख्ख्या रेकच्या असतात. कोळशाच्या ५८-५९ वाघिणी खाणीजवळ भरल्या की थेट वीज केंद्रात रिकाम्या. तिकडे एका गाडीत लाकूड, रसायनं, धान्य, कागद असे वेगवेगळ्या गिऱ्हाइकांचे डबे असतात. ते वाटेत यार्डात सोडवायचे, निवडायचे आणि पुन्हा जोडायचे. यात डब्याचा बराच काळ उभं राहण्यात जातो. आता तो एकच फॉर्म्युला, लिटल्स लॉ. एखाद्या सिस्टिममध्ये अडकलेली संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा वेळ. डबा आत राहण्याचा वेळ निम्मा केला की तेवढाच माल न्यायला निम्मे डबे पुरतात. डबे कमी तर इंजिनं कमी, यार्ड कमी, आणि... माणसं कमी. स्लाइडवर हा शेवटचा शब्द मी छोट्या अक्षरात घातला होता. सरांनी तोच वाचून दाखवला.

आकडे मात्र जबरदस्त आहेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शंभर डॉलर कमवायला ९७ च्या आसपास खर्च व्हायचे, ते २००६ मध्ये ६१ च्या आसपास आले. रेल्वेवाले याला ऑपरेटिंग रेशो म्हणतात. आपल्या भारतीय रेल्वेचा हा आकडा २०२३-२४ मध्ये ९८ च्या वर होता. पण ही तुलना करून लगेच टाळ्या वाजवू नका. आपली रेल्वे मालाच्या कमाईतून पॅसेंजरचं तिकीट स्वस्त ठेवते. सीएनने पॅसेंजर १९७८ मध्येच दुसऱ्याच्या अंगावर घातले. ती व्हिया रेल अजून सरकारी आहे, सरकारी पैशावर चालते, आणि तिच्या गाड्या बहुतेक सीएनच्या रुळांवरून धावतात. तिथे मालगाडीला वाट द्यायला प्रवासी गाडी बाजूला उभी राहते. आपल्या नेमकं उलट! म्हणजे नफ्यातली भाकरी आणि तोट्यातली भाकरी वेगळी केली, नफ्यातली विकली आणि तोट्यातली सरकारने ठेवली.

आणखी एक. अमेरिकेतल्या वाढीसाठी सर्वांत मोठी अडचण होती ती सीमेवरच्या सेंट क्लेअर नदीखालच्या बोगद्याची. १८९१ चा तो बोगदा अरुंद, एकावर एक दोन कंटेनर ठेवलेली गाडी त्यातून जाईना. शेजारी सुमारे १.९ किलोमीटरचा नवा बोगदा खणला आणि तो १९९५ मध्ये सुरू झाला. खणणाऱ्या मशिनला 'एक्सकॅलिबोर' असं राजा आर्थरच्या तलवारीवरून नाव दिलं होतं. हा बोगदा खणला तेव्हा सीएन सरकारी होती. आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

सेमिनारच्या तयारीत मी पप्पांना फोनवर हे सगळं सांगत होते. ते ऐकून घेत होते, मधूनमधून "बरं" म्हणत होते. मग म्हणाले, "तिकडे मागे कोण असतं?"

"मागे कोणी नसतं पप्पा. शेवटच्या डब्याच्या कपलिंगला एक डबी लावतात. ती ब्रेक पाइपचा दाब मोजते आणि रेडिओवरून इंजिनात कळवते. टेल लॅम्पपण तीच."

"गाडी तुटली तर?"

"दाब जातो ना. ड्रायव्हरला लगेच कळतं."

"ते मलाही कळतं. पण वळणावर मला अख्खी गाडी दिसते. कुठे अ‍ॅक्सल तापला, धूर निघाला तर दिसतो."

"त्यासाठी रुळाच्या बाजूला सेन्सर असतात."

ते थोडं थांबले. "म्हणजे माझ्या कामाचे तुकडे करून सगळीकडे वाटले," म्हणाले. रागाने नाही, हिशेब लावल्यासारखं. मग विचारलं, "हे कंपनी विकल्यावर केलं का?"

नाही. कॅनडात गार्डचा डबा जायला लागला तो १९९० च्या आसपास, सीएन सरकारी असतानाच. आणि आपल्या रेल्वेतही काही मालगाड्यांना अशी डबी लावायला सुरुवात झालीये, रेल्वे न विकताच. हॉस्टेलवरचे दोन्ही तट ज्या रेषेवर भांडतात, पप्पांच्या डब्याचं भवितव्य त्या रेषेवर ठरतच नाही.

पण म्हणून विकण्याने काही फरक पडत नाही असं मला अजिबात म्हणायचं नाही. २००४ मध्ये सीएनने ब्रिटिश कोलंबिया प्रांताची सरकारी रेल्वे, बीसी रेल, सुमारे १०० कोटी कॅनेडियन डॉलरना चालवायला घेतली. त्या सौद्याचं कोर्ट प्रकरण कितीतरी वर्षं चाललं आणि २०१० मध्ये सरकारच्याच दोन माजी सहायकांनी गुन्हा कबूल केला. पण त्याहून वाईट रुळांवर घडलं. डोंगराळ मार्ग, तीव्र चढउतार. तिथे ५ ऑगस्ट २००५ ला एक लांबलचक गाडी घसरली आणि कॉस्टिक सोडा चेकॅमस नदीत गेला, सुमारे ४० हजार लिटर. पाच लाखांवर मासे मेले. २००६ च्या जूनमध्ये लिलुएटजवळ उतारावर एका गाडीचा ताबा सुटला आणि दोन कर्मचारी मेले. त्या इंजिनाला डायनॅमिक ब्रेक नव्हता. बीसी रेलकडे या उतारांसाठी डायनॅमिक ब्रेकवाली इंजिनं होती, ती नव्या मालकाने तिथून काढली होती. घाटात गाडी चालवणाऱ्याच्या घरी वाढलेल्या मुलीला हे वाक्य दोनदा वाचावं लागतं.

म्हणून मला वाटतं की मालक कोण हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा म्हणजे लगाम कुणाच्या हातात आहे. सीएनला १९९९ मध्ये बीएनएसएफ या अवाढव्य अमेरिकी रेल्वेशी एक व्हायचं होतं. अमेरिकेच्या नियामक मंडळाने सगळ्याच मोठ्या विलीनीकरणांना काही काळ बंदी घातली आणि २००० मध्ये तो बेत सोडावा लागला. २००९ मध्ये शिकागो शहराला वळसा घालणारा मार्ग विकत घेताना उपनगरातले लोक चिडले होते, कारण त्यांच्या फाटकांवर मालगाड्या वाढणार होत्या. मंडळाने परवानगी दिली, पण अटी घालून. २०२१ मध्ये कॅन्सस सिटी सदर्न घ्यायचा सीएनचा प्रयत्नही मंडळाच्या निर्णयानेच फसला आणि ती कंपनी प्रतिस्पर्ध्याकडे गेली. लगाम असला की खासगी घोडाही थांबतो.

आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तर फारच बोलकं झालं. कामगार करार जमेना म्हणून सीएन आणि कॅनेडियन पॅसिफिक कॅन्सस सिटी या दोन्ही कंपन्यांनी एकाच दिवशी टाळेबंदी केली. देशातली मालवाहतूक ठप्प व्हायला लागली, आणि सरकारला एका दिवसाच्या आत मध्ये पडून लवादाचा आदेश द्यावा लागला. कंपनी विकून एकोणतीस वर्षं झाली होती. तरी संकटात लोकांनी बघितलं ते सरकारकडेच. रेल्वे खासगी झाली तरी तिची गरज सार्वजनिकच राहते.

आपल्याकडेही हा विषय कॅनडाइतका लांब नाही. न्हावाशेवा बंदरातले कंटेनर रेल्वेने देशभर नेणारी कॉन्कॉर ही १९८८ मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी. तिच्यातला ३०.८ टक्के हिस्सा व्यवस्थापनासकट विकायचा निर्णय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१९ मध्ये घेतला, पण पुढची कित्येक वर्षं तो कागदावरच राहिला. असा विषय पुन्हा निघाला की 'विका' किंवा 'विकू नका' एवढंच ओरडण्याऐवजी आपण चार गोष्टी विचाराव्यात असं मला वाटतं. तोटा नक्की कुठून येतो आणि विकल्यावर तो कुणाकडे राहणार? माणसं कमी होणार असतील तर ती कधी, आणि त्यांना काय देऊन? घाटातल्या ब्रेकचा नियम कोण लिहिणार आणि कोण तपासणार? आणि उद्या गाडी थांबली तर कुणाला उठवायचं?

मित्रमैत्रिणींनो, हे प्रश्न पुढाऱ्यांसाठी आहेत असं समजू नका. कॅम्पसमधून आपल्यातलेच कितीतरी जण लॉजिस्टिक्समध्ये, ऑपरेशन्समध्ये जाणार आहेत. डबा यार्डात किती तास उभा राहावा याची शीट तेव्हा आपल्याच स्क्रीनवर असेल. त्यात डब्यांचा रकाना असेल, इंजिनांचा असेल आणि माणसांचाही असेल. तो तिसरा रकाना भरताना घाई करू नका, एवढंच माझं म्हणणं. बघा पटतंय का.